ब्रेलचा प्रोग्रॅम आजही झाला नाही

मंडळी, आज मी अगदी रडकुंडीला आलेय.

माझी थोरली नणंद, अक्का, जन्मापासून आंधळी. आमचे हे रोज दुपारी तिला मराठी पुस्तक वाचून दाखवायचे. ते गेल्यापासून मी वाचते. मराठी वाचायला शाळेत न जाता शिकले, अडखळते, तरी वाचते. पण आता अक्काचे कानही जाताहेत. इथल्या तमिळ शाळेत शिकल्यामुळे तमिळ ब्रेल तिला येतं, मराठीचे ठिपकेही बरेचसे तेच. म्हणून मराठी मजकूर ब्रेलमध्ये बदलणारा फुकटचा प्रोग्रॅम सोर्स कोडवरून कंपाइल करायला, म्हणजे चालवता येईल असा तयार करायला बसले.

सकाळभर एकच एरर: फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसतेय! ग्रुपवर एकांनी लिहिलं, "ताई, फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे, ती काढा." फोल्डरला मी ह्यांचं नाव आणि आडनाव दिलं होतं. दोन्ही जोडून टाकलं. काम पुढे सरकलं आणि पुन्हा अडलं. आता त्याला लागणारी कुठलीशी सॉफ्टवेअर लायब्ररी कॉम्प्युटरवर नाही म्हणे.

अक्का ब्रेलसाठीचा जाड कागद मांडीवर घेऊन शेजारीच होती. "वैनी, काय म्हणतंय ते यंत्र?"

"नाही म्हणतंय!" मी तिच्या कानाशी ओरडले.

"मग बस अडून. टी. नगरच्या बाजारात साडीवाल्यापुढे भावासाठी बसतेस तशी."

लिनक्सवर हे कुणी केलंय का? एरर कॉमेंटमध्ये टाकलाय. जमलं तर आजच सांगा.

दुपारी वाचत होते, तर अक्का म्हणाली, "थांबलीस का गं?"

मी थांबले नव्हते.