झरा कोणाच्या बाजूचा

सामाईक विहिरीवर तीन दिवस मनकर्णाबाईची पाळी, तीन दिवस तिच्या धाकट्या जावेची, सुचिताची. विहीर एकच, पण सुचिताची मिरची बांधावरून डोळ्यांत भरायची आणि मनकर्णाबाईचा हरभरा ऐन फुलावर माना टाकत होता. सुचिताने ठिबक बसवलं होतं, हे मनकर्णाबाईला दिसत होतं, पण पटत नव्हतं. "चोरून पाणी वढते," असं ती नवऱ्याला सांगायची.

त्या दिवशी सुचिताच बांधावर आली. "बाई, माहं दोन दिवसांतच भागलं. माही उद्याची पाळी तुम्ही घ्या. हरभरा सुकून राह्यला."

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. नाही म्हणावं तर हरभरा हातचा जाणार. हो म्हणावं तर जाऊ मोठी ठरणार.

"घेतो ना," मनकर्णाबाई म्हणाली. "विहिरीचा मोठा झरा माह्याच बाजूचा हाय."

सुचिता हसली. "हाव बाई, माह्या बाजूचा माहेरी गेला असन."

सकाळी मनकर्णाबाईने मोटर लावली. वाटेने जाणाऱ्या पंजाबरावांनी विचारलं, "वहिनी, आज तं धाकटीची पाळी ना?"

"माहीच हाय," ती म्हणाली, आणि पाणी हरभऱ्यात सोडलं.