कागदाची खारट बाजू

मीठबाईंची बोटं कायम काळी. चांदीच्या पाण्याचे ते डाग साबणाने जात नाहीत, लिंबाने जात नाहीत, आणि शेजारणींच्या टोमण्यांनी तर मुळीच जात नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या सांभाळता सांभाळता बाईंना हा नाद लागला. कागदाच्या एका बाजूला मिठाचं पाणी लावून वाळवायचं, अंधाऱ्या खोलीत त्याच बाजूवर ब्रशने चांदीचं पाणी फिरवायचं, मग काचेची निगेटिव्ह त्यावर दाबून कागद उन्हात ठेवायचा. फोटो नावाची चीज जगात नवीन होती तेव्हाची ही रीत. "लोक बोट दाबून फोटो काढतात," नवरा म्हणायचा, "आणि आमच्याकडे भाजीत घालायला मीठ उरत नाही."

पण त्या रविवारी तोही गच्चीच्या जिन्यात घुटमळत होता. सासूबाईंच्या माहेरच्या पेटीत एक काच सापडली होती. मोटारसायकलवर तरुणपणीचे सासू-सासरे बसलेले, दोघांच्या अंगात सारखेच गडद कोट, डोक्याला सारख्याच टोप्या. निगेटिव्हच ती, त्यामुळे कोट पांढरेफटक आणि चेहरे कोळसा.

पुढे कोण आणि मागे कोण, यावर त्या घरात जन्मभर वाद. सासरे पाहुण्यांना रंगवून सांगत, "मी गाडी हाणायचो, आणि ही मागे डोळे गच्च मिटून!" सासूबाई प्रत्येक वेळी म्हणत, "गाडी मी चालवत होते." पाहुणे खो-खो हसत. सासरे गेले, गोष्ट मात्र मुलाने जशीच्या तशी पुढे चालू ठेवली. सासूबाईंनी आताशा त्यावर बोलणंच सोडलं होतं. म्हणून तर मीठबाई हट्टाला पेटल्या होत्या.

आदल्या दिवशीचा पहिला प्रयत्न पार फसला. कागदावर राखाडी डागांशिवाय काही उमटलं नाही. वर उन्हाच्या तापाने काचेवरच्या थराचा एक पापुद्रा सुटला आणि मागचं चाक गायब झालं. पुढचा पापुद्रा चेहऱ्यांजवळच उचलू लागला होता. काच आता एकदाच ऊन सोसणार होती, फार तर.

चूक बाईंच्या लगेच लक्षात आली. मिठाच्या बाजूला त्या नेहमी पेन्सिलीने फुली मारत. या वेळी उत्साहाच्या भरात फुली राहिली, आणि चांदी बसली उलट्या बाजूवर. मीठ लावलेल्या उरलेल्या एकुलत्या कागदावरही फुली नव्हती, आणि वाळल्यावर दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसतात. चांदी लावण्याआधी कोपरा चाटला की कळतं, पण बाईंना सर्दी झालेली, जीभ लाकडासारखी. नवऱ्याने चाटून पाहिलं. "दोन्हीकडे कागदच लागतोय!"

मग बाईंना घरातली सगळ्यात तिखट जीभ आठवली. घास तोंडात जायच्या आत "अळणी आहे" म्हणणारी.

"आई, हा कागद जरा चाटून बघता?"

"सुनेने आता हेच वाढायचं बाकी ठेवलं होतं," म्हणत सासूबाईंनी कोपरा जिभेला लावला. "अळणी." कागद उलटला. "ही खारट. तुझ्या परवाच्या भाजीपेक्षा बरी."

बाईंनी तिथल्या तिथे फुली मारली. चांदी लावली, अंधारात कागद वाळवला, काच आणि कागद चौकटीत दाबून बसवले आणि तिघं गच्चीवर.

चौकटीची अर्धी पाठ उघडून, कागदाची कड उचलून बाई डोकावल्या. कोट आले! गर्द, जांभळट तपकिरी. टोप्या आल्या, गाडीची टाकी आली. चेहरे मात्र दोन कोरे गोल. गोरा भाग सगळ्यात उशिरा उमटतो, आणि इकडे काच तापत चाललेली.

"काढ आता, पापुद्रा सुटेल!" नवरा ओरडला.

"थांबा हो!"

पुन्हा पाठ उघडली. मागच्या कोऱ्या गोलावर काहीतरी उगवलं होतं. झुपकेदार, दोन्ही टोकांना पीळ दिलेलं.

"मिशी," बाई म्हणाल्या. मग किंचाळल्याच, "अहो, मिशी मागे आहे! मागे!"

नवरा वाकला तो वाकलेलाच राहिला. हळूहळू पुढचा चेहरा भरत गेला. तोंडभर हसणारी एक पोरगी, दोन्ही हात हँडलवर. आणि मागे वडील, गाडी जागेवर उभी असूनही डोळे गच्च मिटलेले. बाई हसत होत्या आणि नाकाबरोबर डोळेही पुसत होत्या.

"आई," नवरा कसाबसा म्हणाला, "म्हणजे बाबा इतकी वर्षं खोटं सांगत होते?"

"खोटं कसलं? मागे डोळे मिटून कुणीतरी बसलं होतंच की." सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. बाईंनी चौकट उचलायला हात पुढे केला. चित्र पक्कं करायच्या पाण्यात गेलं की ते थोडं फिकं पडतं, म्हणून उन्हात जरा जास्तच गडद होऊ द्यायचं, हे सासूबाईंना इतक्या दिवसांत ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्यांनी सुनेची काळी बोटं धरली.

"राहू दे गं उन्हात अजून जरा. ह्यांचे डोळे नीट मिटू देत."