भोपळे, पपईचा देठ आणि वरवंटा

उन्हाळ्यात वडनेरकडच्या आमच्या नदीत तीन बेटं उघडी पडायची. सुट्टीत तिन्ही बेटं पोहत गाठायची आणि पाण्याखालचं जगही बघायचं, असा बेत मी आणि धाकट्या बहिणीनं आखला. श्वासासाठी पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला. पण आईनं पाठीला सुके भोपळे बांधले आणि ते काही बुडू देईनात! एवढा बेत काय बदकासारखं तरंगायला केला होता? दुसऱ्या दिवशी काठावरच भोपळे सोडले, घरून पळवलेला वरवंटा पोटाशी धरला आणि छातीभर पाण्यात देठ तोंडात घेऊन मी खुशाल तळाशी बसले. मासे नाकासमोरून गेले!

तिन्ही बेटं जिंकून घरी आलो, तर आई चटणीसाठी खोळंबलेली.

"वरवंटा काऊन दिसत नाई?"

"नदीच्या तळाशी हाय," मी ऐटीत म्हणाले. "उद्या बुडी मारून आणू."