‘गेट’चं गाऱ्हाणं

माझ्या मेव्हण्याला मस्कतची नोकरी मिळाली नाही, याला संपूर्णपणे इंग्रजी भाषा जबाबदार आहे. (आमच्या घरात या विषयावर दुसरंही एक मत आहे. ते बायकोचं असल्यामुळे इथे देत नाही.)

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. रत्नागिरीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर मी इंग्रजीचे क्लास चालवायचो. खाली जात्याची घरघर आणि वर माझी, त्यामुळे मुलांना दोन्हीतलं काहीच कळत नसे. तरी माझा दबदबा होता. सासुरवाडीला तर फारच, कारण तिथे इंग्रजी तपासून बघणारं कोणी नव्हतं.

सासुरवाडी सावर्ड्याची. मेव्हणा दिनेश तिथेच फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा. हेदवीची एक मुलगी त्याला सांगून आली होती. त्याला ती मनापासून आवडली होती, तिलाही तो आवडला होता, पण मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, अट घातली. आबांचे आधीचे दोन्ही जावई आखातात होते. एकाने जाडजूड ब्लँकेट आणलेली, दुसऱ्याने मिक्सर. "तिसरा सावर्ड्यात फ्रीज खोलत बसला तर गावात मी काय सांगू?" असा आबांचा सवाल होता. पोरगा आखातात जाणार असेल तर सुपारी फोडायची, नाहीतर त्या मुलीचा विषय संपला.

अशात आमचे शेजारी दाऊदभाई बातमी घेऊन आले. मस्कतच्या एका कंपनीचा साहेब एसीवाले निवडायला रत्नागिरीच्या एका लॉजवर उतरणार होता.

"सर, टेन्शन नका घेऊ," दाऊदभाई म्हणाले. "साहेब इंग्रजीत दोन-चार सवाल करतो. नाव काय, गाव काय, काम काय येतं. तेवढं शिकवा, बस."

मी हसलो. वीस वर्षं मस्कतमध्ये काढलेल्या माणसाला मी समजावलं, "दाऊदभाई, भाषा अशी चिल्लर येत नाही. ती मुळापासून यावी लागते."

इंग्रजीचं मूळ मला तेव्हा नुकतंच सापडलं होतं. ते म्हणजे ‘गेट’ हा शब्द. मिळणं म्हणजे गेट, आणणं म्हणजे गेट, समजणं, पोहोचणं, होणं, सगळं गेट! पुढे अप लावलं की उठायचं, ऑफ लावलं की उतरायचं. एवढा एक शब्द पाठ झाला की माणसाने सरळ विमानात बसावं, असं माझं म्हणणं होतं. मे महिन्याची सुट्टी होतीच. मी फळा घेऊन सावर्ड्याला गेलो.

घरापुढच्या खळ्यात एका बाजूला सासूबाई कोकमं वाळत घालत होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी दिनेशला वाळवत होतो.

"भावोजी, गेट म्हणजे फाटक ना?"

"ते वेगळं. हे मिळवायचं गेट."

"पन साहेब एसीबद्दल विचारील ना?"

"विचारेल. पण विचारताना गेटच वापरेल!"

दिनेशच्या डोक्यात काही शिरेना. सकाळी शिकवलेला अर्थ जेवणाबरोबर खाली जायचा. शेवटी दिनेशचे चुलते, तात्या, पडवीतून उठून आले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांच्या घराण्याचा. तात्यांनी देवापुढे एकेक मागणं खड्या आवाजात मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तात्यांचा आवाज असा की देवाला ऐकू आलं नाही असं कधी झालं नसावं.

"जावयबापू," तात्या म्हणाले, "तुमी बोलता तेला हुंकार देनारा कोन नाय, म्हनून पोराच्या ध्यानात ऱ्हात नाय. माज्याकडं द्या."

तात्या खळ्याच्या मध्ये उभे राहिले, हात जोडले आणि सुरू झाले.

"बा गेटा म्हाराजा! तू कुटं मिळनं हायस, कुटं आननं हायस!"

"व्हय म्हाराजा!" कोकमं सोडून सासूबाई.

"अप लावला तं उठवतंस, ऑफ लावला तं उतरवतंस!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर.

"आनि म्यारीड लावला तं लगीन लावतंस!"

"व्हय म्हाराजा!" यात दिनेशचा आवाज सगळ्यात मोठा होता.

काय सांगू, पोराला धडाधड पाठ झालं! संध्याकाळी अर्धी वाडी हुंकार द्यायला जमू लागली. आबा होणाऱ्या जावयाची प्रगती बघायला हेदवीहून आले आणि मुक्काम ठोकून तेही हुंकार देऊ लागले. सुट्टी संपेपर्यंत अशी तयारी झाली, की मी नुसतं ‘गेट’ म्हटलं तरी घरातल्या सगळ्यांचे हात आपोआप जुळायचे. शिक्षणातला हा एक नवीन प्रयोग म्हणून त्यावर लेख लिहायचं मी ठरवलं होतं.

मुलाखतीला सगळे आले. सासूबाई, तात्या, माझी बायको आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आबा. लॉजमधली लाइट गेली होती. उकाड्यामुळे साहेबाने खोलीचं दार उघडं ठेवलं होतं आणि आमचं लटांबर दाराबाहेर पॅसेजमध्ये.

साहेबाने नाव विचारलं. दिनेशने इंग्रजीत सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. काम विचारलं, तेही सांगितलं. दाऊदभाईंचे सगळे सवाल संपले. साहेब खूश दिसला. त्याने दिनेशचा पासपोर्ट उचलला आणि सहज विचारलं, "व्हेन डिड यू गेट धिस?"

"व्हय म्हाराजा!" पॅसेजमधून आवाज आला.

साहेबाच्या हातून पासपोर्ट पडला. इकडे दिनेशने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं, "बा गेटा म्हाराजा…"

मी धावत आत गेलो. "सर, प्लीज! ही विल गेट द पॉइंट!"

"व्हय म्हाराजा!"

मी दाराकडे वळून ओरडलो, "अरे, गेट बॅक!"

"व्हय म्हाराजा!"

साहेब खुर्चीवरून उठला. लालबुंद झाला होता बिचारा. "गेट आउट! ऑल ऑफ यू, गेट आउट!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदिलाने म्हणाले आणि जागचं कोणी हललं नाही.

शेवटी साहेबाने लॉजच्या मॅनेजरला बोलावून आम्हाला हिंदीत बाहेर काढलं.

लॉजच्या दारातल्या वडाखाली दिनेश मान खाली घालून बसला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आबांनी छत्री काखेत मारली. "येतो आमी. पोरीसाठी दुसरं बघायला लागंल."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "आबा, इंग्रजीत असं आहे की…" बायकोने माझ्याकडे बघितलं.

तात्या मात्र पुढे झाले. चपला काढल्या, गावच्या देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. हे खरं गाऱ्हाणं होतं. तिथे उठून जायची कोणाची छाती नव्हती, आबांचीसुद्धा नाही.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरावर इंग्रजीचा फेरा आला!"

"व्हय म्हाराजा!"

"तो फेरा जावयाच्या डोक्यातच ऱ्हावदे, पोराच्या वाटंला नको!"

"व्हय म्हाराजा!" (हा बायकोचा आवाज होता.)

"पोराच्या हातात कला हाय, हितंच तेचं दुकान चालूदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि तुळशीचं लगीन झालं का हेदवीची पोर आमच्या घरात सून म्हनून येवदे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात खणखणीत हुंकार आबांचा होता. सावर्ड्यात मुक्काम ठोकून लागलेली सवय! आबांचं तोंड उघडंच राहिलं.

"तसं नाय… माज्या तोंडातनं सवयीनं गेलं," आबा पुटपुटले.

"आबा, देवासमोर हुंकार दिलात," तात्या शांतपणे म्हणाले. "आता म्हागारी कसा घेनार?"

आबांनी काखेतली छत्री काढून वडाला टेकवली. मग दिनेशकडे बघून म्हणाले, "दुकान एस्टी स्टँडजवळ टाक. आमाला यायला बरं पडंल."

तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तावर बार उडाला. दुकान आजही जोरात चालू आहे. पाटी इंग्रजीत कर असं मी सुचवलं होतं, तेव्हा दिनेश पाया पडला आणि मराठीत करून मोकळा झाला.

माझी मात्र घरात कायमची पंचाईत झाली. मी काहीही समजावून सांगायला तोंड उघडलं, की बायको पूर्वीसारखा वाद घालत नाही. हात जोडते. मुलंही तिच्या मागे हात जोडतात. तिघं मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि जागचं कोणी हलत नाही.