पावडरमावशींचा जावई

आमच्या नाटकमंडळीत नटांची तोंडं रंगवतात पावडरमावशी आणि त्यांचे कपडे शिवते मी. नाटकघरात दोघींची कामाची खोली एकच. त्यामुळे मावशींच्या घरातलं सगळं मला त्यांच्या शेजारणींच्याही आधी कळतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीने लग्न ठरवलं. मुलगा बेकरीत कामाला, कष्टाळू, हसरा. पण वंशाने काळा, आणि आम्ही सगळे गोरे. मावशींचं डोकंच फिरलं. बिचारा घरी भेटायला आला, तर बाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

लेक तरातरा आमच्या खोलीवर भांडायला आली. मावशींनी तिच्यापुढे आमच्या जुन्या शोकांतिकेचा दाखला ठेवला. त्यात काळा सेनापती गोऱ्या मुलीशी लग्न करतो आणि शेवटी संशयाने तिचा गळा दाबतो.

"आयुष्यभर विंगेतून बघतेय मी. अशा लग्नाचं काय होतं ते मला नको शिकवूस."

"आणि त्या सेनापतीचे कान कोणी भरले गं आई? गोऱ्यानेच ना? मग गोराही नको करू का?" लेक म्हणाली. "सोमवारी नोंदणी आहे. आलीस तर आलीस."

सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मी हसू गिळलं.

नेमकं त्याच आठवड्यात तेच नाटक पुन्हा लागलं. आजवर आमचा गोरा नायकच तोंडाला काळं फासून सेनापती व्हायचा. या वेळचा नट मात्र खराच काळा. मावशी सवयीने रंगाचा डबा उघडून उभ्या. तो खुर्चीत बसत म्हणाला, "मावशी, मी घरूनच रंगून आलोय." मावशींच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

प्रयोगात युद्धावरून परतलेल्या सेनापतीने बायकोचा चेहरा ओंजळीत धरला, गालाला गाल लावला. नायिका विंगेत आली मात्र, मावशी ओला बोळा घेऊन धावल्या आणि तिचे गाल खसाखसा पुसायला लागल्या. जित्याची खोड, दुसरं काय!

"अहो, काय पुसताय? काही लागलेलं नाही," नायिका वैतागली.

मावशींनी बोळा उलटसुलट करून पाहिला आणि मटकन माझ्या कपड्यांच्या पेटीवर बसल्या.

"नायिकेच्या गालाला तो काळा रंग लागायचा, सारखा पुसावा लागायचा गं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून मीच जुन्या नायकाला दम भरायचे, बायकोपासून हातभर लांब राहा म्हणून. इतकी वर्षं लोकांनी दाबलेला गळा तेवढा पाहिला. त्या दोघांची माया कुणाला दिसलीच नाही. मलासुद्धा नाही."

मी त्यांच्या हातातला बोळा काढून घेतला.

सोमवारी मावशी नोंदणी कचेरीत गेल्या, मलाही ओढत घेऊन. जिन्यापाशी दोघं हातात हात घालून उभी होती. सासूबाई दिसताच जावयाने चटकन लेकीचा हात सोडला आणि तो मागे सरकला. मावशी त्याच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या.

"धर तिचा हात," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर धर. मला बघू दे."