अर्ज न केलेल्या मुली

“मॅडम, तुमचा अन्याय कुठे गेला हो? आत्ता तर इथंच होता!”

विज्ञान विभागाचे प्रमुख म्हणाले आणि अख्खी मीटिंग हसली. मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले. पन्नाशीची बाई मी, रत्नागिरीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आपल्यावर कोणी हसलं की सोबतीला आपणही हसावं, हे वळण मला माहेरहूनच मिळालेलं.

झालं होतं असं. एम.एस्सी.च्या प्रवेशांचे आकडे मी मांडले. अर्ज केलेले मुलगे बरेचसे आत, मुली बऱ्याचशा बाहेर. मी म्हटलं, मुलींवर अन्याय होतोय. सरांनी उठून तेच आकडे फळ्यावर विषयवार फोडले. रसायनशास्त्रात मुली मुलांच्या बरोबरीनं घेतलेल्या. गणितातही. अन्याय गायब! रसायनाला जागा भरपूर, मुलगे तिकडे गेले. गणिताला जागा मूठभर, आणि मुलींची झुंबड नेमकी तिथं.

“गर्दीत शिरायचं आणि धक्का लागला म्हणून ओरडायचं,” सर म्हणाले. “बेरीज आली म्हणजे संख्याशास्त्र आलं असं नसतं, मॅडम. जरा चहा सांगा बघू सगळ्यांना.”

मी चहा सांगितला.

दुखलं ते वेगळंच. सरांचं गणित बरोबर होतं. एकत्र आकडे फसवतात, फोडून बघा. हा धडा दरवर्षी मीच शिकवते.

घरी नवऱ्यानं विचारलं, “तोंड का पडलंय?”

“नापास झाले.”

“कशात?”

“माझ्याच विषयात.”

रविवारी राजापूरला नणंदेकडे निघालो. वाटेत हातखंब्याला कोकम घ्यायला उतरले, तर दुकानात स्नेहा. माझी विद्यार्थिनी. तिथून आत डोंगरातल्या वाडीत राहणारी. रसायनात वर्गात पहिली, गणितात बेताची. तरी अर्ज केला गणितालाच, आणि राहिली बाहेर.

“अगं, रसायनाला का नाही भरलास?”

“काय करू ओ मॅडम? गणिताचे तास दुपारी सुटतात. रसायनाची प्रॅक्टिकलं सुटतायत तवर आमची वस्तीची गाडी गेलेली. मग काय उडत जाव घरी?”

आणि हसली. अगदी माझ्यासारखी हसली.

वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणारी एसटी. संध्याकाळची शेवटची. ती चुकली की घर चुकलं. मुलगे कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जातात, नाहीतर मित्राच्या खोलीवर पडतात. मुलीनं कुठं पडायचं?

तिनं कोकम बांधून दिलं. पिशवीला गाठ मारणारी ती बोटं प्रयोगशाळेत किती हलकी चालायची, ते मला ठाऊक होतं. गाडीत बसले आणि रडले. नवरा बिचारा म्हणाला, “कोकम परत करायचंय का?”

पुढच्या मीटिंगला सरांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. ‘प्रवेशांत भेदभाव आढळला नाही.’

“सही करा.”

“प्रॅक्टिकलं सकाळी घ्याल?” मी विचारलं.

“म्हणजे मी विभाग एसटीच्या वेळापत्रकावर चालवू?”

“मुली आयुष्य चालवतात त्याच्यावर.”

सगळे हसले. मी नाही हसले. एकटीनं न हसणं किती जड असतं, त्या दिवशी कळलं. पेनाला टोपण लावलं आणि कागद परत सरकवला.

“मग तुमचं नाव वगळतो,” सर म्हणाले.

“वगळा.”

यातून स्नेहाचं काही भलं झालं नाही. ती अजून कोकमच बांधते. तिचं वर्ष गेलं, आणि बहुतेक रसायनही गेलं.

पण आता संध्याकाळी मी स्टँडवर जाते. वस्तीच्या गाड्यांत चढणाऱ्या पोरींना विचारते, गाडी उशिरा असती तर काय शिकली असतीस? कंडक्टर मला येडी म्हणतो. म्हणू दे. सरांनी अर्ज केलेल्या मुली मोजल्या. मी न केलेल्या मोजतेय. तो अहवाल मी लिहीन. सही त्याच्याखाली करीन.