कोपऱ्यातलं नाव

पेंटरच्या घरात किस्से डब्याच्या तळच्या रंगासारखे साचतात, फेकवत नाहीत! मी लग्न होऊन पांढरकवड्याला आले तेव्हा कापसाचे हाल होते, ट्रक रंगवायला कोणी येईना. आले फक्त चाचा, माझे चुलतसासरे. पंचवीस वर्षं लंडनमध्ये चित्रं काढणारे.

सासरे, म्हणजे अब्बा, ट्रकवर नावं रंगवतात. काम पसंत पडलं तरच खाली कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, 'चांद आर्ट, पांढरकवडा' लिहितात. आमच्या ह्यांच्या कामाखाली ते हाती ब्रश घेतल्यापासून सातव्या वर्षी आलं. चाचांच्या कधीच नाही!

*

चाचांनी अंगणात आठ फुटी कॅनव्हास पसरला. निळ्या, तांबूस डागांवर उर्दू हर्फ, कुराणाच्याच लिपीतली अक्षरं; वाकलेले, फाटलेले, एकमेकांवर चढलेले.

कोंबडीमागे धावत आलेल्या शेजारच्या खाला कडेलाच थबकल्या. "भाई, क्या लिखा है?"

"कुछ नहीं, खाला. सिर्फ हर्फ हैं."

"तो भी!" चप्पल काढून त्या वळसा घालून गेल्या.

कोंबडी मात्र सरळ चित्रावरून! चाचांनी तिची पावलं तशीच ठेवली. अलिफ म्हणजे पहिलं अक्षर, नुसती सरळ उभी रेघ. अब्बा एवढंच म्हणाले, "मुर्गी का अलिफ सीधा आया!"

*

ब्रश धुतलेलं पाणी अम्मी नालीत टाकू देत नसत. हर्फ धुतलेत ना त्यात! सगळं कढीपत्त्याच्या मुळाशी. फोडणी देताना मी दोनदा विचार करायचे.

*

मारेगावचा एक ड्रायव्हर चित्र बघून हटेचना. "चाचा, हे माह्या ट्रकच्या मागं काढून द्या ना!"

"काहून?"

"मागचा गाडीवाला वाचतच राहील, हॉर्न नाही वाजवणार!"

*

चाचा रोज अब्बांना विचारत, "भाईजान, तस्वीर कैसी है?"

"अलिफ टेढ़ा है."

"जानबूझके टेढ़ा किया."

"ट्रक जानबूझके ठोको, तो भी डेंटच बोलते!"

एकदा मी धीर करून चाचांना विचारलं, तिकडे एवढं नाव आहे, मग अब्बांची पसंती कशाला?

"कलम पकडना उन्होंनेच सिखाया, बेटा."

दुपारी सगळे झोपले की अब्बा कॅनव्हासपाशी उकिडवे बसून बोटानं हवेत ठिपके मोजत. हर्फाचं माप कलमाच्या ठिपक्यांत धरतात; अलिफ किती ठिपक्यांचा, ते. मी स्वयंपाकघरातून बघायचे.

*

चाचा परत जायच्या सकाळी कॅनव्हास गुंडाळायला आम्ही वाकलो. खालच्या कोपऱ्यात पिवळी, लाल सावलीची, जेमतेम वाळलेली अक्षरं: 'चांद आर्ट, पांढरकवडा'.

अब्बा आमच्याकडे पाठ करून कढीपत्त्यापाशी ब्रश धूत होते.

चाचांनी काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि दुसऱ्या कोपऱ्यातली स्वतःची इंग्रजी सही झाकून टाकली.